वीजमंत्र्यांना खुले पत्र: एकाच आकड्यावर फीडर आखू नका

माननीय वीजमंत्री, गोवा राज्य,
सप्रेम नमस्कार.

चवथीला पणजी-म्हापशातले फ्लॅट बंद होतात आणि माणसे गावच्या मूळ घरी जातात. एरवी दोघा वृद्धांपुरती वीज लागणाऱ्या घरात चार बिऱ्हाडे जमतात. पंप, फ्रीज, मिक्सर, गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या माटोळीभोवतीची रोषणाई, सगळे एकदम सुरू होते. फीडरच्या, म्हणजे उपकेंद्रातून गावाकडे वीज नेणाऱ्या वाहिनीच्या, टोकाच्या घरांत व्होल्टेज घसरते आणि पंखे मंदावतात.

म्हणून विनंती, की फीडर आणि ट्रान्सफॉर्मर आखताना भारप्रवाहाचे, म्हणजे कोणत्या तारेतून किती वीज वाहील आणि कुठे किती व्होल्टेज राहील याचे, गणित संभाव्यतेच्या पद्धतीने करून घ्यावे. रूढ पद्धतीत प्रत्येक ठिकाणच्या मागणीचा एकच आकडा धरून व्होल्टेज काढतात. उत्तर अचूक असते, पण त्या एकाच परिस्थितीपुरते. संशोधक बार्बरा बोर्कोव्स्का यांनी १९७४ मध्येच मागणीची अनिश्चितता या गणितात आणली. मोंटे कार्लो पद्धतीत मागणी बदलत तेच गणित हजारो वेळा करतात, आणि टोकाचे व्होल्टेज मर्यादेखाली जाण्याची शक्यता किती, ते कळते. गावच्या फीडरसाठी हे काम आज साध्या संगणकावर होते.

मात्र प्रत्येक घराची मागणी स्वतंत्र धरू देऊ नका. गणित सोपे होते म्हणून तो मोह पडतो. मग एका घरची वाढ दुसऱ्या घरच्या घटीने भरून निघते आणि धोका कागदावर लहान दिसतो. प्रत्यक्षात चवथ सगळ्यांकडे एकाच दिवशी येते. सौर पॅनेलचेही तेच. ढग आला की अख्ख्या वाड्यावर येतो. फेब्रुवारीतल्या लख्ख दुपारी घरे रिकामी असतात, तेव्हा सगळ्या छतांवरची वीज एकाच वेळी उलटी फीडरमध्ये जाते, टोकाचे व्होल्टेज चढते आणि पॅनेलची वीज फीडरला जोडणारे इन्व्हर्टर आपोआप बंद पडतात. म्हणजे ऐन उन्हात सौरवीज वाया! हा परस्परसंबंध सुटला, तर हजारो वेळा केलेले गणितही फसवेच.

यासाठी माणसे इथेच आहेत. फर्मागुडीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आणि कुंकळ्ळीची एनआयटी यांना ग्राहकांची नावे वगळून मीटरच्या नोंदी द्याव्यात. सुरुवात सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या लांब फीडरपासून करावी आणि निष्कर्ष ग्रामसभेपुढे मांडावेत. किती जोखीम पत्करायची आणि ती टाळायला किती खर्च करायचा, हा निर्णय अभियंत्याचा नाही, आपला आणि लोकांचा आहे. आज तो एका आकड्याआड कुणाला न विचारता होऊन जातो.

आपला नम्र,
एक विद्युत अभियंता, फोंडा