पटाया की गोवा? परवाना कुणाच्या नावावर आहे तेही बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खरिपाचा हिशेब मिटला की आमच्या धंद्यात टूरचा हंगाम लागतो. बियाण्याचं टार्गेट गाठलेल्या कृषी केंद्रवाल्यांना कंपन्या फिरायला नेतात, हे खान्देशात कुणाला नवीन नाही. (तो खर्च शेवटी कुणाच्या खिशातून निघतो, यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.) यंदा एका कंपनीने आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मतदान टाकलं : पटाया की गोवा? पुढे लिहिलं होतं, 'फुल नाइटलाइफ'. चोपडा, यावल, शिरपूरकडच्या मंडळींनी धडाधड पटायावर बोटं ठेवली. मी गोव्यावर ठेवलं. लगेच एका विक्रेत्याचा फोन, "ताई, तुमले तठे काय करनं शे? भाऊले धाडी द्या ना."

दुकानाचा परवाना माझ्या नावावर. उधारी वसूल करते मी. पेरणीच्या तोंडावर कपाशीच्या पाकिटांसाठी रांग लागते, तेव्हा लोकांच्या शिव्या खाते मी. आणि नाचायला भाऊ? गोव्याला मत दिलं म्हणजे ही बाई मंगेशीचं दर्शन घेऊन आठ वाजता झोपणार, असंही कुणी समजू नये. हळदीच्या रात्री आमच्याकडच्या बायका डीजेपुढून हलत नाहीत, हे फोन करणाऱ्याने स्वतःच्या घरीही पाहिलं असेल.

पटायात काही नाही, असं मी म्हणत नाही. तिथला वॉकिंग स्ट्रीट संध्याकाळनंतर गाड्यांना बंद असतो, रस्ताभर दिवे आणि गाणी, आणि माणूस पायी हिंडू शकतो. रात्री परतायला मागे बाकडी टाकलेल्या पिकअप गाड्या मिळतात, आपल्या काळी-पिवळीसारख्या. भारतीय जेवणाची हॉटेलंही पुष्कळ. 2023च्या नोव्हेंबरात थायलंडने आपल्याला व्हिसाची अट काढली, तेव्हापासून तर सगळ्यांना तिकडचीच ओढ लागली आहे. पण स्वच्छ पाण्यासाठी पटायाच्या किनाऱ्यावरून बोटीने को लान बेटावर जावं लागतं, हे मत देणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे? जळगावहून रात्रीच्या गाडीने मुंबई, तिथून बँकॉक, विमानतळाबाहेर पुन्हा दोन तासांची बस. चार दिवसांच्या टूरमधला एकेक दिवस जाण्यायेण्यातच संपणार.

आणि पटाया वाढलं ते व्हिएतनाम युद्धाच्या काळात सुट्टीवर येणाऱ्या अमेरिकी सैनिकांवर. म्हणजे गिऱ्हाईक पहिल्यापासून पुरुष. तिथे काम करणाऱ्या मुलींबद्दल माझी काही तक्रार नाही. मागच्या टूरहून आलेल्या आपल्याच मंडळींच्या मोबाइलमधले व्हिडिओ पाहिलेत, तक्रार त्याबद्दल आहे. अशा घोळक्यात मी कुठे उभी राहू?

गोव्याला मंगला एक्स्प्रेस जळगावहून थेट मडगावला नेते. 2024मध्ये जळगावच्या विमानतळावरून गोव्याचं विमानही सुरू झालं. कळंगुट-बागा पट्ट्यात उतरलं तर टिटोज लेन, म्हणजे क्लबांची गल्ली, चालत जाण्याजोगी. शनिवारी हडफड्याचा रात्रबाजार, तिथे गाणं, खाणं, खरेदी सगळं एकाच आवारात. मी बहिणीबरोबर तिथे मनसोक्त नाचले आहे. बाजूच्या टेबलावर एक आजी लिंबूसोडा घेऊन ताल धरत होत्या.

मात्र गोवा म्हणजे पहाटेपर्यंत वाळूत डीजे, ही समजूत घेऊन कुणी येऊ नये. उघड्यावरचं गाणं रात्री दहाला बंद. चोपड्यातल्या हळदीला जो नियम, तोच बागाच्या किनाऱ्याला. त्यानंतरची रात्र बंद हॉलमध्ये. दक्षिणेला पाळोळ्यात तर लोकांनी कानाला हेडफोन लावून नाचायची युक्ती काढली; बाहेरून बघणाऱ्याला वेड्यांचा बाजार वाटावा! किनाऱ्यावर बाटली घेऊन बसायलाही बंदी आहे, दंड होतो. खरी अडचण रात्रीच्या टॅक्सीची. ओला-उबर तिथे नाही आणि रात्री एक वाजता टॅक्सीवाला सांगेल तो भाव. तेव्हा कंपनीने शेवटच्या माणसासाठी बस थांबवून ठेवावी.

आणखी एक. 2025च्या डिसेंबरात हडफड्याच्या एका नाइट क्लबला आग लागून 25 जण गेले, त्यात बहुतेक तिथलेच कामगार. टूरवाल्याने बुकिंग करताना मेनू कार्ड जितक्या बारकाईने पाहिलं असेल, तितक्याच बारकाईने बाहेर पडायचा दुसरा दरवाजाही पाहावा. आमच्या ग्रुपवर बुफेत पनीर आहे का, हे चौघांनी विचारलं. दरवाजाचं कुणीच विचारलं नाही.

तारखेचंही बोलते. स्वस्त पडतं म्हणून कंपन्या पावसाळ्यात गोवा दाखवतात. तेव्हा किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे खाण्यापिण्याच्या तात्पुरत्या झोपड्या, काढून ठेवलेले असतात आणि समुद्रात उतरू देत नाहीत. दिवाळीच्या पुढेमागे आम्ही हरभऱ्याच्या बियाण्यात गुंतलेलो. तेव्हा टूर न्यायची तर जानेवारीत न्या.

आपल्या दैनिकातून कंपन्यांच्या प्रतिनिधींना एवढंच सांगायचं आहे : मतदानात पटाया जिंकलं तर जिंकू द्या, मी मोडता घालणार नाही. पण परवान्यावर जे नाव आहे, त्याच नावाचं तिकीट काढा. 'ताईंच्या जागी भाऊ' हा पर्याय परस्पर ठरवू नका. जिल्ह्यात माझ्यासारख्या दुकान चालवणाऱ्या बायका आणखीही आहेत, त्यांनाही फोन करून विचारा. माझा पासपोर्ट तयार आहे.

आपली विश्वासू,
एक कृषी सेवा केंद्रचालक, ता. चोपडा, जि. जळगाव