नवी मुंबईत नेमके कुठे राहावे?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्राबरोबर दर आठवड्याला येणारी घरांविषयीची पुरवणी मी गेली काही वर्षे नियमित वाचते. ती वाचणाऱ्यांत माझ्यासारखे बाहेरगावाहून या शहरात आलेले किंवा येऊ घातलेले लोक बरेच असणार, म्हणून हे पत्र. २०१४ साली लातूरहून माझी बदली फोर्टमधल्या कार्यालयात झाली, त्याच सुमारास यजमानांना महापेच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी मिळाली आणि पाच वर्षांची मुलगी व दोन गोदरेजची कपाटे घेऊन आम्ही नवी मुंबईत उतरलो. आता गावाकडच्या कुणाचीही बदली इकडे झाली की पहिला फोन आमच्याकडे येतो आणि प्रश्न ठरलेला असतो : "नवी मुंबईत घर बघतोय, कुठे बघू?" गेल्या महिन्यात हाच प्रश्न माझ्या भाच्याने विचारला. त्याला जे सांगितले, तेच थोडे सविस्तर येथे लिहीत आहे.

प्रश्नातली पहिली गफलत अशी, की विचारणाऱ्याच्या मनात लातूर असते. लातुरात गंजगोलाईपासून कोणतीही वसाहत लांब असून असून किती लांब असणार? नवी मुंबई मात्र मुळातच एका मध्याभोवती वाढलेली नाही. १९७० मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली, तेव्हापासून खाडीच्या या बाजूला एकेक नोड, म्हणजे छोटे उपनगर, वसवत जायचे, प्रत्येकाला आपले रेल्वे स्थानक, आपली शाळा, आपला बाजार द्यायचा आणि माणसाला घराजवळच काम मिळावे, अशी नियोजनकारांची कल्पना होती. (नोड हा शब्द कागदावरचा. पत्ता विचारला तर माणसे सेक्टर सांगतात, आणि तो सांगताना वाशीचा की खारघरचा हे सांगायला विसरतात.) शाळा आणि बाजार बऱ्यापैकी घराजवळ आले, पण काम घराजवळ आले नाही. ऐरोलीत राहणारा बेलापूरला जातो, पनवेलचा ठाण्याला जातो आणि माझ्यासारख्या हजारो जणी रोज खाडी ओलांडून मुंबईत जातात. तेव्हा 'नवी मुंबईत राहतो' या वाक्यातून माणसाचा दिवस कसा जातो याविषयी काहीच कळत नाही.

आमची चूक मोकळेपणाने सांगते. घर दाखवणाऱ्या एजंटाने आम्हाला रविवारी सकाळी अकरा वाजता आपल्या गाडीतून नेले. रस्ते रुंद, झाडे लावलेली, समोर डोंगर, हवा मोकळी. "स्टेशन पाच मिनिटांवर आहे," असे तो म्हणाला आणि त्या दिवशी त्या गाडीला खरोखर पाचच मिनिटे लागली. त्या नोडचे नाव मी येथे घेत नाही, कारण आमच्यानंतर तिथे बरेच बदलले आहे. सोमवारी सकाळी मात्र शेअर रिक्षाच्या रांगेत पंधरा-वीस मिनिटे, मग हार्बरच्या गाडीत तासाहून अधिक उभे राहणे, मग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून चालत कार्यालय, असा एकूण दोन तासांचा एकेरी प्रवास सुरू झाला. यजमानांची दिशा अगदी वेगळी होती. जुलैतल्या एका संध्याकाळी गाड्या रखडल्या आणि आम्ही दोघेही रात्री नऊनंतर घरी पोहोचलो, तेव्हा मुलगी सोसायटीच्या वॉचमनच्या खुर्चीवर दप्तर मांडीवर घेऊन झोपली होती आणि तो बिचारा शेजारी उभा राहून तिच्यावर छत्री धरून होता. पुढच्याच आठवड्यात आम्ही दुसरे घर शोधायला लागलो.

या वेळी आम्ही घरापासून सुरुवात केली नाही. कागदावर रेल्वेच्या दोन रेघा काढल्या : एक मुंबईकडून वाशी, नेरुळ, बेलापूरमार्गे पनवेलला जाणारी हार्बरची आणि दुसरी ठाण्याहून ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणेमार्गे तुर्भ्याला येणारी ट्रान्सहार्बरची. माझे कार्यालय पहिल्या रेघेच्या टोकाला आणि यजमानांची कंपनी दुसऱ्या रेघेच्या मधोमध. मग जिथे या रेघा एकमेकींना भेटतात तिथेच घर शोधायचे, एवढे साधे गणित होते, जे आम्ही आधी केले नव्हते. नवख्या माणसाला एक बारकावा सांगायला हवा. तुर्भ्यानंतर ट्रान्सहार्बरला दोन फाटे फुटतात. ठाणे-वाशी गाडी सानपाड्याकडे वळते, तर ठाणे-नेरुळ आणि ठाणे-पनवेल गाड्या जुईनगरकडे जातात. त्यामुळे नकाशावर शेजारी दिसणारी दोन स्थानके ठाण्याकडून येणाऱ्यासाठी वेगवेगळ्या गाड्यांवर असतात. आम्ही सानपाडा धरले. भाडे महिन्याला सात हजारांनी वाढले, एक खोली कमी झाली, खिडकीतला डोंगर गेला आणि समोरच्या इमारतीतल्या काकूंचा वाळत घातलेला पापड आला. बदल्यात दोघांचे मिळून रोजचे जवळजवळ तीन तास वाचले. खोलीचे भाडे जसे महिन्याच्या हिशेबात धरतो, तसे हे तासही धरावेत असे मला वाटते. ते आपण धरत नाही, कारण त्यांची पावती मिळत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि तिच्यावर जरा थांबते, कारण पुरवण्यांत जलतरण तलाव असतो, पाणी नसते. आमच्या पहिल्या इमारतीत लिफ्टशेजारी एक पांढरा फळा होता. त्यावर रोज 'आज पाणी ६ ते ७' असे काहीतरी लिहिलेले असे, आणि एप्रिल उजाडला की त्याखाली 'टँकर मागवला आहे' ही ओळ येई. पहाटे मागे येणाऱ्या टँकरचा तो टूं-टूं आवाज मुलीला इतका पाठ झाला होता, की भातुकलीत ती तोच काढत असे. घर बघायला गेलो तेव्हा हे आम्हाला कुणी सांगितले नाही. विचारले असते तर कदाचित सांगितलेही असते, पण काय विचारायचे हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

विचारायचे ते असे : या घराला पाणी कोणाचे? पाकिटावर सगळीकडे 'नवी मुंबई' लिहिले जात असले, तरी कारभार एक नाही. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा भाग १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेत आणि ठाणे जिल्ह्यात आहे. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत आणि रायगड जिल्ह्यात आहेत. उलवे, द्रोणागिरी या दोन्ही महापालिकांच्या बाहेर, सिडकोच्या क्षेत्रात आहेत. नवी मुंबई महापालिकेकडे खालापूर तालुक्यातले मोरबे हे स्वतःच्या मालकीचे धरण आहे. राज्यात असे भाग्य थोड्याच महापालिकांना लाभले आहे. दक्षिणेकडच्या नोडांना पेणजवळच्या हेटवणे धरणाचे आणि इतर योजनांचे पाणी वाटून घ्यावे लागते. स्थानकात दोन-तीन थांब्यांचे अंतर, पण नळाचा उगम वेगळा, कचऱ्याची गाडी वेगळी, तक्रार करायची खिडकी वेगळी आणि तहसील कार्यालयही वेगळे. घराच्या जाहिरातीत यातले काहीही नसते.

पाण्याबाबत सोसायटीच्या सचिवांना विचारू नये, असे मी भाच्याला सांगितले, कारण रिकामा फ्लॅट भरला तर त्यांना हवाच असतो. गेटवरच्या इस्त्रीवाल्याला विचारावे आणि घरमालकाकडे मागच्या मे महिन्याचे मेंटेनन्सचे बिल मागावे. त्यात टँकरची ओळ आहे का, आणि ती किती आकड्यांची आहे, हे बघितले की बाकी चर्चेची गरज उरत नाही.

ठाणे-बेलापूर पट्टा किंवा तळोजा औद्योगिक वसाहत जवळ असेल, तर त्या सेक्टरात एकदा रात्री अकरानंतर जाऊन उभे राहावे. दिवसा न येणारा वास रात्री येतो.

विकत घेणाऱ्यांसाठी कागदपत्रांचा मुद्दा मोठा आहे, पण तो पुष्कळदा लिहिला जातो, म्हणून थोडक्यात सांगते. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला, हातात घेऊन वाचावे, १ मे २०१७ पासून महारेरा हे बांधकाम प्रकल्पांवरचे सरकारी नियामक प्राधिकरण आहे, तिथे प्रकल्पाची नोंद बघावी, आणि इथली सिडकोची जमीन साधारणतः साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते, त्यामुळे पुढे विकताना हस्तांतरण शुल्क आणि परवानगी लागते, हे आधीच ठाऊक असावे. गावठाणालगत स्वस्तात मिळणाऱ्या घरांविषयी बोलताना मात्र भाषा जपावी, असे मला वाटते. ज्या आगरी-कोळी कुटुंबांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर हे शहर उभे राहिले, त्यांना घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळवण्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढावे लागले आणि त्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले. त्यांनी आपल्या जागेत गरजेपोटी बांधलेले घर ही एक गोष्ट आणि त्याच्या आडोशाने बाहेरच्या कुणीतरी परवानगीविना उभारून लातूरच्या माणसाला विकलेली सहा मजली इमारत ही दुसरी. सुटी संपायच्या आत घर ठरवायच्या घाईत असलेल्या माणसाला हा फरक कळत नाही.

आता मुख्य तक्रार. या पुरवण्यांत घर कमी आणि भविष्य जास्त विकले जाते. बेलापूर ते पेंधर या अकरा स्थानकांच्या मेट्रोचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि ती १७ नोव्हेंबर २०२३ रोजी धावली. म्हणजे 'मेट्रो येणार' म्हणून ज्यांनी त्या वर्षी घर घेतले, त्यांचे पहिलीत घातलेले मूल मेट्रोत बसेपर्यंत बारावीही पार करून गेले. उरणच्या रेल्वेचा पहिला टप्पा नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आला, तो उरणला पोहोचायला जानेवारी २०२४ उजाडला. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, पण त्याच्या नावाने आसपास घरे विकली जात होती ती त्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून. या सोयी झाल्या याचा मलाही आनंदच आहे. परंतु भाड्याने राहायला येणाऱ्या माणसाने त्या होण्याआधी त्यांचे पैसे का मोजावेत?

भाच्याचेच उदाहरण देते. त्याची नोकरी ऐरोलीला, सूनबाई ठाण्यातल्या रुग्णालयात परिचारिका, आणि दोघांनी मनाशी ठरवले होते उलवे, कारण तिथे त्याच भाड्यात मोठे घर मिळत होते आणि जाहिरातीत अटल सेतूचा फोटो होता. मी त्याला विचारले, "बाबा रे, तो पूल शिवडीला जातो, तुला ऐरोलीला जायचे आहे. शिवाय तुझ्याकडे मोटारसायकल आहे, आणि त्या पुलावर दुचाकीला बंदी आहे. मग पूल तुझ्या काय कामाचा?" तो हसला, पण त्यालाही त्या दिवसापर्यंत हे सुचले नव्हते. उलवे वाईट नाही. ज्याचे काम तिकडे बंदराच्या बाजूला आहे, त्याला ते सोयीचेच ठरेल.

म्हणून आपल्याला विनंती आहे की, पुरवणीत दर आठवड्याला एकेका नोडची माहिती द्यावी, आणि ती देण्यासाठी आपल्या प्रतिनिधीला सोमवारी सकाळी आठ वाजता शेअर रिक्षाच्या रांगेत उभे करावे. कारभार कोणाचा, पाणी किती वेळ येते, पहिली आणि शेवटची गाडी किती वाजता, मराठी माध्यमाची सुरू असलेली शाळा कोणती, रात्री परतताना रस्त्यावर दिवे आहेत की नाही, एवढे छापले तरी पुष्कळ. आणि जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटे' असे लिहिणाऱ्याला, ती कोणत्या वाहनाने आणि किती वाजता, हे त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहायला आपण सांगू शकाल, तर लातूर, नांदेड, सोलापूरकडून येणारी कितीतरी कुटुंबे आपल्याला दुवा देतील.

भाच्याने शेवटी ऐरोलीत एक खोली-स्वयंपाकघराचे घर भाड्याने घेतले आहे. विकत घ्यायचे ते वर्षभर राहून, एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघून मग, असे ठरले आहे. करार येत्या १ जूनपासून अकरा महिन्यांचा आहे. तो एप्रिलअखेर संपतो आणि पाण्याची खरी परीक्षा मे महिन्यात असते, म्हणून घरमालकाशी आत्ताच बोलून एक महिना वाढवून घे, असे मी त्याला कालच फोनवर सांगितले.

आपली नम्र,
एक वाचक
सानपाडा, नवी मुंबई