एवढं मोठं धरण असून वीज का जाते?

टाकोराडी, घाना
14 ऑगस्ट 2024

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "एवढं मोठं धरण आहे त्यांच्याकडे, मग वीज जाते कशी?" तेवढ्यात रेंज गेली आणि उत्तर राहून गेलं. रेंज असती तरी दोन मिनिटांत सांगता आलं नसतं. बाबा, तुम्ही कोयनेच्या पोफळी वीजगृहात तीस वर्षं शिफ्ट केल्यात, तुम्हाला वरवरचं सांगून भागणार नाही. म्हणून आज सुट्टी आहे तर लिहायला बसले.

मार्चमध्ये मी अकोसोंबोला जाऊन आले. व्होल्टा नदीवरचं हे धरण 1961 ते 1965 या काळात बांधलं. त्याच्यामागचं सरोवर साडेआठ हजार चौरस किलोमीटर पसरलंय. आपला अख्खा रत्नागिरी जिल्हा त्यात बुडेल आणि वर पाणी उरेल. तुमच्या हिशेबात सांगते: कोयनेचं धरण 105 टीएमसीचं, इथे पाच हजार टीएमसीच्या वर. म्हणजे जवळजवळ पन्नास कोयना! तिथल्या कठड्याशी उभी राहून मी हे गणित केलं आणि पुन्हा एकदा तपासून पाहिलं.

आणि तरीही अकोसोंबोची क्षमता 1,020 मेगावॅट, आपल्या कोयनेची 1,960. कारण तुम्हाला लगेच कळेल. आपलं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून जवळजवळ अर्धा किलोमीटर खाली येतं, म्हणून तुमच्याकडे पाण्याच्या झोतावर फिरणारी पेल्टनची चाकं आणि थोड्या पाण्यात भरपूर वीज. इथे उंचीचा फरक जेमतेम सत्तर मीटर. कमी उंचीला चालणारी सहा फ्रान्सिस टर्बाइन आहेत आणि त्यांना पाणी लागतं ते अफाट. वरच्या बुर्किना फासोत आणि घानाच्या उत्तरेत पाऊस कमी झाला की सरोवर हळूहळू उतरत जातं. इथल्या वर्तमानपत्रांत पातळी फुटांत छापतात, आपल्याकडे पावसाळ्यात कोयनेची छापतात तशी. 240 फुटांच्या जवळ आली की लोकांच्या पोटात गोळा येतो. 1983 च्या दुष्काळात तर धरणाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असलेला टेमाचा अ‍ॅल्युमिनियम कारखानाच बंद करावा लागला होता.

त्या कारखान्याबद्दल बाबांना सांगायलाच हवं. अमेरिकी कंपनीने तो उभारला आणि धरणाच्या विजेचा मोठा वाटा स्वस्तात घ्यायचा करार केला, त्या भरवशावरच धरणाला कर्ज मिळालं. घानाच्या जमिनीत बॉक्साइट, म्हणजे या धातूचं खनिज, आहे, पण कारखाना चालला तो बॉक्साइटपासून बनवलेल्या, बाहेरून आणलेल्या अ‍ॅल्युमिनावर. घानाचे पहिले अध्यक्ष एन्क्रुमा यांचं स्वप्न होतं की आपल्याच मातीतला धातू आपल्याच विजेवर वितळावा. 22 जानेवारी 1966 ला त्यांनी धरणाचं उद्घाटन केलं आणि 24 फेब्रुवारीला, ते परदेशी असताना, लष्कराने त्यांची सत्ता उलथवली. जेमतेम महिनाभर. मला हे वाचून फार वाईट वाटलं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. देशाची गरज धरणाच्या कितीतरी पुढे गेलीय. कमाल मागणी साडेतीन हजार मेगावॅटच्या वर आहे. 1982 मध्ये क्पोंग आणि 2013 मध्ये बुई अशी आणखी दोन धरणं झाली, तरी निम्म्याहून जास्त वीज आता गॅसवरच्या औष्णिक केंद्रांतून येते. म्हणजे मी काम करते तसल्या केंद्रांतून, आमच्यासारख्यांच्या हातून. गॅस येतो तो काही इथल्याच समुद्रातून, काही नायजेरियातून, समुद्रतळावरच्या 678 किलोमीटरच्या पाइपलाइनने. 2012 च्या ऑगस्टमध्ये टोगोच्या लोमे बंदराबाहेर एका जहाजाच्या नांगराने ती पाइपलाइन फाटली आणि अर्ध्या देशाची झोप उडाली. पुढची चार वर्षं लोक अजून विसरलेले नाहीत. तेव्हापासून त्वी भाषेतला एक शब्द घरोघरी झालाय: 'डमसोर'. डम म्हणजे विझणं, सोर म्हणजे पेटणं. आपण लोडशेडिंग म्हणतो, त्यात नुसतं जाणं आहे. यांच्या शब्दात परत येणंही आहे.

माझी घरमालकीण कोल्ड स्टोअर चालवते, म्हणजे गोठवलेल्या मासळीचं दुकान. त्या काळात एका आठवड्यात तिचे दोन फ्रीझर मासे फेकावे लागले. अजूनही वीज गेली की ती आधी माझ्या दाराशी येते. "मॅडम, तुमच्याकडे काय झालं?" असं विचारते, जणू मुख्य स्विच माझ्याच हातात आहे. मी तिला एकदा नीट बसून सांगितलं. गॅसचा दाब उतरला की टर्बाइन ट्रिप होतं, म्हणजे आपोआप बंद पडतं, विजेची फ्रिक्वेन्सी घसरते, मग सगळं जाळं कोसळू नये म्हणून रिले नावाची संरक्षक यंत्रं आपोआप काही फीडर, म्हणजे वस्त्यांकडे जाणाऱ्या वाहिन्या, तोडतात, आणि त्यातला एक तुझ्या गल्लीचा असतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग दरवेळी माझीच गल्ली का?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

गेल्या महिन्यात मी कंट्रोल रूममध्ये असताना तसंच झालं. रात्री दोन वाजता गॅसचा दाब पडायला लागला. ऑपरेटर पोरगा पंचविशीचा, घाम फुटला होता, पण हात थरथरला नाही. लोड कमी केला, मशीन वाचवलं. तेव्हा तुमची फार आठवण आली.

पैशाचाही प्रश्न आहेच. टंचाईत घाईघाईने खासगी वीज कंपन्यांशी करार झाले, त्यात वीज वापरा वा न वापरा, पैसे द्यायचेच. ते द्यायचे डॉलरमध्ये आणि बिलं गोळा होतात सेडीमध्ये, म्हणजे इथल्या चलनात. सेडी घसरला की थकबाकी फुगते, मग गॅसवाल्याचे पैसे अडतात. सेकोंडीच्या किनाऱ्यावर तर वीज बनवणारं एक तुर्की जहाजच उभं आहे, 470 मेगावॅटचं. रात्री त्याचे दिवे दिसतात.

आई, आता तुझ्यासाठी. अकोसोंबोच्या सरोवराखाली सातशेच्या वर गावं गेली, ऐंशी हजारांच्या आसपास माणसं उठली. त्यांच्यासाठी 52 नव्या वसाहती बांधल्या. घर म्हणून एखादी खोली बांधून दिली, बाकीचा नुसता पाया, पुढचं तुमचं तुम्ही बघा. तशा एका वसाहतीत मला एक आजीबाई भेटल्या. त्या दहा वर्षांच्या असताना नावेतून निघाल्या होत्या. मी त्यांना सांगितलं की माझी आईही कोयनेच्या खोऱ्यातून सहा वर्षांची असताना निघाली, अंगणातला फणस मागे ठेवून. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "तुमच्याकडे झाडं तोडली होती का पाणी भरायच्या आधी?" इथे बहुतेक झाडं तशीच बुडाली. साठ वर्षं झाली तरी मेलेले बुंधे पाण्याखाली उभे आहेत, नावा त्यांच्यावर आपटून फुटतात, माणसं जातात. आई, तुमच्या फणसाचं काय झालं होतं? तू कधी सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही.

गेल्या वर्षी सप्टेंबरपासून धरण काठोकाठ भरलं म्हणून पाणी सोडलं, तेव्हा खालची मेपे, बॅटर, सोगाकोपे ही गावं बुडाली. हजारो माणसं शाळांमध्ये राहिली. आम्ही काही जण चटया आणि पाण्याच्या पिशव्या घेऊन मेपेला गेलो होतो. एका घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ छातीएवढी होती. मला 22 जुलै 2021 चं आपलं चिपळूणचं घर दिसलं. देवघरापर्यंत चढलेला चिखल, तुम्ही दोघं शेजाऱ्यांच्या माडीवर, आणि मी इथे फोन लावत बसलेली. तुम्हाला काळजी वाटेल म्हणून तेव्हा सांगितलं नाही, पण मेपेहून परत येताना मी गाडीत रडले.

तर बाबा, माझ्या करारपत्रावर मी आणखी दोन वर्षांसाठी सही केलीय. तुम्हाला न विचारता केलं, राग येणं साहजिक आहे. तो ऑपरेटर आणि त्याच्यासारखे आणखी नऊ जण आहेत, त्यांना शिकवायचं काम मी मागून घेतलंय. यंदा गणपतीला येणं जमणार नाही, डिसेंबरमध्ये नक्की येते. तुमची ती निळ्या पुठ्ठ्याची वही, ज्यात तुम्ही प्रत्येक ट्रिपिंगची वेळ आणि कारण लिहून ठेवायचे, पुरात वाचली ना? माळ्यावर असेल तर काढून उन्हात ठेवा. पोस्टाने पाठवू नका, मी येऊन घेऊन जाईन.

आई, गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर घे.

तुमची,
माई