साहेब, तुम्ही ‘घरात’ म्हणाला होतात

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी मोरणा खोऱ्यातली, पाटण तालुका, जिल्हा सातारा. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, वय ६३. गेल्या वर्षी आमच्या बाजाराच्या गावी आपली सभा झाली, तेव्हा बायकांच्या दुसऱ्या रांगेत मी बसले होते. आपण म्हणालात, दिवाळीपर्यंत या खोऱ्यातल्या प्रत्येक घरात फोन वाजेल. आपण ‘गावात’ म्हणाला नाहीत, ‘घरात’ म्हणालात. आयुष्यभर मुलांचं शुद्धलेखन तपासलं आहे, त्यामुळे शब्द माझ्या लक्षात राहतात. दिवाळी होऊन गेली, शिमगा झाला, आता पावसाळा चालू आहे.

९ जुलैच्या रात्री पावणेदोन वाजता आमच्या ह्यांना जाग आली आणि काहीतरी बोलायला गेले, तर शब्द फुटेना. दिवा लावला. तोंड डाव्या बाजूला ओघळलं होतं, डावा हात उचलत नव्हता. अर्धांगाचा झटका हे मला तिथंच कळलं, माझे वडील असेच गेले. उशाचा फोन घेतला. पडद्यावर ‘नो सर्व्हिस’. माजघरात नाही, सोप्यात नाही, स्वयंपाकघरात नाही. मुलगा आणि सून नवी मुंबईला, घरात आम्ही दोघंच. ह्यांना कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली आणि डोक्यावर पोतं घेऊन बाहेर पडले. अंगणात पडद्यावर रेंजची एक कांडी यायची आणि जायची. शेवटी मारुतीच्या पारावर गेले. १०८ लागला, तुटला, पुन्हा लागला, पत्ता सांगता सांगता तुटला. सगळं मिळून पन्नास मिनिटं गेली. त्या पन्नास मिनिटांत दोनदा पळत घरी येऊन ह्यांचा श्वास बघून गेले.

गाडी आली, पण वाटेत झाड पडलेलं. कराडला पोचायला साडेसहा झाले. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आम्ही पावणेपाच तासांनी पोचलो होतो. पावणेपाच तासांतून पन्नास मिनिटं वजा करा. मी चौथीच्या मुलांना अशी गणितं घातली आहेत.

आज ह्यांचा डावा हात मांडीवर पडून असतो. आमच्या विहिरीवरचा मोटारीचा पंप स्वतः खोलून दुरुस्त करणारा माणूस सदऱ्याचं बटण लावायला मला हाक मारतो. तीसुद्धा नीट मारता येत नाही.

आता फोन का लागला नाही ते सांगते, कारण त्याचं कारण माझ्याच डोक्यावर होतं आणि ते मला कुणीही सांगितलं नव्हतं.

आमचं घर जुनं, कौलारू. भिंती दगडाच्या, दीड हात जाडीच्या, खिडक्या लहान. गाव दरीत आणि टॉवर वर पठाराच्या कडेला. म्हणजे आमच्याकडे फोनची लहर येते ती वरून, उतारावरून. दगडी भिंतीतून ती फारशी येत नाही, कौलातून मात्र येते. माती भाजून केलेलं कौल तिला फारसं अडवत नाही. इतकी वर्षं आमच्या घरात फोन चालत होता तो या कौलांच्या जिवावर, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं.

फेब्रुवारीत मुलानं कौलांखाली फॉइल बसवून घेतलं. तो चंदेरी कागद, अॅल्युमिनियमचा. ह्यांना उन्हाळा सोसत नाही म्हणून पोरानं पदरचे पैसे घातले. कारागिरांनी कौलं उतरवली, वाशांवर कागद ताणला, वरून रिपा ठोकल्या आणि पुन्हा कौलं चढवली. खोटं बोलणार नाही, फरक पडला. एप्रिलात ज्या माजघरात पाच मिनिटं बसवत नव्हतं, तिथं दुपारी डोळा लागायला लागला. तापलेलं कौल खाली जी धग फेकतं, त्यातली शंभरातली पंचाण्णव हा कागद माघारी लावतो आणि स्वतः खालच्या बाजूला फारच थोडी सोडतो. मात्र कागदाला लागून मोकळी हवा हवी, चिकटून बसला तर उपयोग नाही. इतकं सगळं विकणाऱ्यानं मुलाला समजावून सांगितलं होतं. फोनबद्दल एक अक्षर नाही.

पुढचं मला माझ्या भाच्यानं सांगितलं. तो कराडला पदार्थविज्ञान शिकतो. ह्यांना दवाखान्यातून आणल्यावर भेटायला आला, फोनकडे बघितलं, मग वर बघितलं आणि म्हणाला, “मावशी, तुम्ही डब्यात राहताय.” कौलाची धग आणि फोनची लहर एकाच जातीच्या, फक्त लांबी वेगळी. फोनच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३३ सेंटिमीटर. ती अॅल्युमिनियमवर आपटली की बहुतेक सगळी परत फिरते. जी थोडी आत शिरते, तिचा जोर पहिल्या तीन मायक्रॉनमध्येच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) नवव्या हिश्श्याच्या आसपास येतो, आणि साधा स्वयंपाकघरातला फॉइलसुद्धा याच्या निदान तिप्पट जाड असतो. आमच्या कागदाला टाचणीएवढी भोकं आहेत, वाफ कोंडू नये म्हणून. मी विचारलं, त्यातून येत नाही का रे? तो म्हणाला, ३३ सेंटिमीटरची लहर टाचणीच्या भोकातून कशी येईल.

मग त्यानं माझ्यासमोर मोजून दाखवलं. फोनच्या सेटिंगमध्ये उणे आकडा असतो, उणे जितका मोठा तितकी लहर दुबळी. अंगणात उणे ९४. माजघराच्या दारात उणे ११२. आत काहीच नाही. दहा आकडे खाली आले म्हणजे जोर दहावा हिस्सा, वीस म्हणजे शंभरावा. दुसऱ्या दिवशी दोघा गड्यांना चढवून टॉवरच्या बाजूच्या उतारावरचा फक्त हातभर रुंदीचा पट्टा, आढ्यापासून वळचणीपर्यंत, कापून काढला. त्या पट्ट्याखाली उभं राहिलं की उणे १०१ येतं आणि फोन लागतो.

एक पट्टा, साहेब. एक दिवसाचं काम. हे मला १० फेब्रुवारीला कुणी सांगितलं असतं तर ९ जुलैला मी पावसात उभी नसते.

आणि मी गप्प बसले होते असं समजू नका. मार्चपासून माझ्या कंपनीकडे सात तक्रारी केल्या. एकदा माणूस आला, अंगणात उभा राहिला, पडद्याचा फोटो काढला, “कव्हरेज आहे, मॅडम” म्हणाला आणि गेला. मी म्हटलं, आत या, आत बघा. तो म्हणाला, घराच्या आतलं आमच्याकडे नसतं. दोन दिवसांनी तक्रार सोडवल्याचा संदेश आला. तोही मी कपडे वाळत घालायला अंगणात गेले तेव्हा मिळाला.

घराच्या आतलं नसतं, तर कुणाकडे असतं? फोन का रस्त्यासाठी घेतात? रात्री पावणेदोनला माणूस असतो कुठं? केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये फोरजी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले, हे मी वाचलेलं आहे. आमचं गाव असल्या कुठल्या यादीत येणार नाही, कारण आमच्या अंगणात एक कांडी येते. कागदावर आम्ही पोचलेले. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं २०२४ मध्ये इमारतींना आतल्या जोडणीप्रमाणे मानांकन देण्याचे नियम केले. म्हणजे भिंतीच्या आत लहर पोचत नाही, हे दिल्लीला ठाऊक आहे! मग ते मानांकन कुणासाठी? आमच्या कौलारू घराला तारे द्यायला कोण येणार आहे?

घरात लहर वाढवणारं यंत्र, बूस्टर, का बसवत नाही असं कुणी विचारेल. चौकशी केली. परवानगीशिवाय बूस्टर बाळगणं हाच गुन्हा, तो बसवायचा अधिकार फक्त कंपनीला. कंपनीला म्हटलं तुम्ही बसवा, तर एका घरासाठी बसवत नाही. वाय-फायवरून फोन लागतो म्हणतात, त्याला घरात ब्रॉडबँड हवं. फायबरची पेटी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे, तिच्यापुढे वायर आलेली नाही. मी करायचं काय ते सांगा. जे चालतं ते करू देत नाही आणि जे करू देता ते इथं चालत नाही.

आमच्या वाडीत ४७ घरं. गेल्या दोन उन्हाळ्यांत त्यातल्या एकोणीस घरांवर हा कागद चढला, मी दारोदार जाऊन मोजली. सोळा घरांत आत फोन लागत नाही. त्यातल्या अकरांत राहणारी माणसं साठीच्या पुढची, पोरं मुंबईला, नाहीतर पुण्याला. तालुक्याचा हिशेब याच्यावरून केला तर हजारांत जाईल. चुकत असेन तर तुमची माणसं पाठवून मोजा. ऊन दरवर्षी वाढतंय, हा कागद थांबणार नाही, आणि थांबू नये. उन्हानंही माणसं मरतात. पण फॉइलच्या प्रत्येक गुंडाळीवर दोन ओळी मराठीत छापायला काय लागतं? ‘याच्याखाली मोबाईल चालणार नाही. टॉवरच्या बाजूला पट्टा मोकळा सोडा.’ जिथं पट्टा सोडून भागत नाही, तिथं कौलांवर चुन्याचा पांढरा हात द्या, नाहीतर फळ्यांचं छत करा, त्यात धातू नसतो. हे सांगायला गावात कोण येतं? औषधाच्या बाटलीवर लिहितात, विडीच्या कट्ट्यावर लिहितात.

आणि एवढ्यासाठी आम्हीच का हात पसरायचे? कोयनेचं धरण झालं तेव्हा या तालुक्यानं आपली गावं पाण्याखाली घातली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, मी पाच वर्षांची होते, आईनं मला गोधडीसकट उचलून बाहेर आणलं तेवढं आठवतं. त्या धरणाच्या पाण्यावर १,९६० मेगावॅटची वीजघरं चालतात, महाराष्ट्राचे दिवे त्यावर लागतात. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, त्यांचे लाल दिवे आम्हाला रात्री दिसतात. आमच्या डोंगराचं पाणी घेतलंत, वारा घेतलात, तरणी पोरं मुंबईच्या गोदीत आणि मार्केटात हमाली करायला नेलीत. मागं राहिले म्हातारे. त्या म्हाताऱ्यांना रात्री एक फोन लावता येऊ नये? पोरगं रोज रात्री नऊला फोन करतं आणि ‘संपर्कक्षेत्राच्या बाहेर’ ऐकून झोपतं. पाच महिने तो हेच ऐकत होता. ९ जुलैलाही त्यानं तेच ऐकलं. १० तारखेला सकाळी शेजाऱ्यांनी पारावरून फोन केला तेव्हा त्याला कळलं.

तो आता म्हणतो, आई, कागद मी बसवला. जेवता जेवता म्हणतो आणि ताट बाजूला सारतो. माझ्या पोराच्या डोक्यावर हे ओझं कुणी ठेवलं? त्यानं बापाला गारवा मिळावा म्हणून केलं. त्याला सांगायचं काम ज्यांचं होतं, ते एकमेकांकडे बोट दाखवतात. विकणारा म्हणतो मी उष्णतेचा कागद विकतो, कंपनी म्हणते आमचं अंगणापर्यंत, आणि तुमच्या कार्यालयातून माझ्या अर्जाला ‘योग्य कार्यवाहीसाठी अग्रेषित’ एवढं उत्तर आलं. कुणाला अग्रेषित, ते लिहिलेलं नाही.

माझी मागणी तीन ओळींची आहे. गुंडाळीवर इशारा सक्तीचा करा. कव्हरेज मोजायला येणाऱ्या माणसाला उंबऱ्याच्या आत पाय ठेवायला लावा आणि आतला आकडा लिहायला लावा. आणि जिथं घरात फोन लागत नाही, तिथं कंपनीनं स्वखर्चानं यंत्र बसवावं, म्हातारी माणसं एकटी राहतात ती घरं आधी.

उत्तर द्यायचं झालं तर पत्रानं द्या. फोन केलात तर पट्ट्याखाली कुणी उभं असेल तरच लागेल, आणि मी बहुतेक वेळ ह्यांच्या खाटेपाशी असते, ती खोली पलीकडच्या अंगाला आहे. पोस्टमन आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी येतो.

आपली,
मोरणा खोऱ्यातली एक निवृत्त शिक्षिका