शनिवारी आवाजांचे खेळ: छोटा व मोठा शिशुच्या पालकांसाठी

सर्व पालकांना नमस्कार,

येत्या शनिवारी सकाळी १० ते ११ दादरच्या आपल्या बालवाडीत आवाजांचे खेळ आहेत. मुलासोबत घरातलं एकच मोठं माणूस यावं, जागा कमी आहे. आजी-आजोबा आले तर उत्तमच.

– वही-पेन्सिल आणू नका. अक्षरं गिरवण्याआधी कान तयार होऊ द्या.
– पिशवीत तीन वस्तू आणा: दोन एकाच आवाजाने सुरू होणाऱ्या, तिसरी वेगळी. पेला, पट्टी आणि साबण, असं काहीही. फक्त चाक आणि चिमटा ही जोडी नको; लिहिताना 'च' एकच, पण कानाला आवाज दोन. मुलं हा फरक आपल्याआधी पकडतात!

तोवर घरी रोज पाच-दहा मिनिटं पुरेत. भाजी निवडताना ब-टा-टा म्हणत तीन टाळ्या वाजवा. लोकलमध्ये 'म'ची स्टेशनं शोधा: माटुंगा, माहीम, मालाड. हे जमलं की 'माळ'चा पहिला आवाज बदलायला सांगा: बाळ, टाळ, डाळ. निरर्थक शब्द निघाला तरी हसून पुढे जा, चूक काढत बसू नका. घरी गुजराती किंवा हिंदी बोलत असाल तर त्याच भाषेत खेळा.

मूल वारंवार 'काय?' विचारत असेल किंवा कान सतत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांकडून कान तपासून घ्या.

येणाऱ्यांनी गुरुवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर मुलाचं नाव टाकावं. नुसता अंगठा चालणार नाही.