घुमट मांडीवर घेऊन जा

वास्को,
रविवार, दुपार

चि. सोहम यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो बाबा, बघतो" म्हणतोस आणि ते बघणं पुढच्या रविवारवर जातं, म्हणून लिहून पाठवतोय. बंदरापाशी क्लिअरिंगच्या कचेरीत एकतीस वर्षं काढली, लोकांची बिऱ्हाडं आखातात आणि विलायतेला धाडली. आता स्वतःचा मुलगा हॅम्बुर्गला निघालाय, तर दोन पानं ऐकून घे.

तू पाठवलेलं कोटेशन पाहिलं. स्वस्त आहे, आणि तिथेच मला शंका येते. ते भाडं फक्त हॅम्बुर्ग बंदरापर्यंतचं आहे. पुढे कंटेनर उघडून तुझी खोकी वेगळी काढायची हमाली, टर्मिनलचं शुल्क, माल सोडवायच्या कागदाचे म्हणजे डिलिव्हरी ऑर्डरचे पैसे, तिथल्या कस्टमचं काम, गोदामभाडं, घरापर्यंतचा टेंपो, हे सगळं तुझ्या माथी, तेही युरोत. मडगावच्या मावशीच्या जावयाने असंच कोटेशन बघून लंडनला सामान पाठवलं होतं. इथे भरले त्याच्या दुपटीहून जास्त तिथे मोजले. एजंट फोन उचलेना. म्हणून प्रत्येकाला एकच विचार: दारापर्यंत किती, आणि त्यात काय धरलेलं नाही? उत्तर लेखी घे.

आता टेप काढ. एलसीएल, म्हणजे चारचौघांचं सामान एका कंटेनरात, हे सीबीएमवर, म्हणजे घनमीटरवर मोजतात. बहुतेक जण कमीत कमी एका सीबीएमचे पैसे लावतातच. 60 बाय 45 बाय 45 सेंटिमीटरची आठ खोकी म्हणजे जवळजवळ एक सीबीएम. म्हणजे तीनच खोकी निघाली तरी पैसे आठांचे. त्यामुळे माझं मत विचारशील तर चार खोक्यांच्या आत बसत असेल तर जहाजाचं नाव काढू नकोस. विमान कंपनीच्या साइटवर आगाऊ जादा बॅग घे, काउंटरवर तीच महाग पडते. सहसा 23 किलोची बॅग धरतात, आणि 32 च्या वर एक नग घेतच नाहीत.

कुरिअरवाल्याचा हिशेब वेगळा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायची. तेच खोकं त्यांच्या काट्यावर 24 किलोचं होतं, आत तुझी सहा किलोची रजई का असेना. हवेचं भाडं भरायचं! जहाजात उलट. तिथे एका सीबीएममध्ये हजार किलोपर्यंत वजनाला कुणी विचारत नाही, म्हणून पुस्तकं जहाजाची आणि रजई तिथल्या दुकानाची. फक्त पुस्तकं लहान खोक्यांत भर, एवढ्या मोठ्या खोक्यात भरलीस तर उचलणारा शिव्या देईल.

एक अजून. पुण्याचं सामान गोव्याला आणू नकोस. तुला वाटतं बाबा बंदरावर होते, इथून सोपं जाईल. मुरगाव हे खनिजाचं आणि कोळशाचं बंदर. तुझी खोकी इथूनही ट्रकनेच मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदराला जाणार, आणि ते तुला पुण्याहून जवळ. वेळही धरून ठेव. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे 2023 च्या अखेरीपासून युरोपची बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, त्यात दहा-पंधरा दिवस वाढतात. वास्को द गामा 1498 साली ज्या वाटेने आला त्याच वाटेने आपल्या वास्कोच्या पोराच्या चादरी परत जायच्या. असो.

ड्युटीचं नीट वाच. वर्षभर युरोपीय संघाबाहेर राहिलेला माणूस तिथे राहायला गेला तर त्याचं वापरातलं घरसामान ड्युटीशिवाय येतं, पण ते आधी निदान सहा महिने वापरलेलं हवं आणि तिथे गेल्यापासून बारा महिन्यांत आणायला हवं. आणल्यावर वर्षभर विकायचंही नाही. म्हणजे निघताना नवाकोरा लॅपटॉप आणि नवी भांडी घेण्यात शहाणपण नाही. आधी तू जा, पत्त्याची नोंदणी कर, मग खोकी निघू देत. यादी नगवार कर. "घरगुती सामान" एवढंच लिहिलेली यादी मी कस्टमच्या टेबलावरून परत आलेली पाहिली आहे.

सुताराकडून पेटी करून घ्यायचा विचार सोड. पॅकिंगच्या लाकडाला उष्णता दिल्याचा शिक्का लागतो. माझ्याच हातून एकदा बिनशिक्क्याची पेटी गेली होती, पुढचे चार आठवडे मी साहेबांसमोर खाली मान घालून उभा होतो.

आईचं म्हणणं लिहितो. मिक्सर ने. तिथेही वीज 230 व्होल्टचीच, फक्त प्लग बदलेल, आणि ओल्या खोबऱ्याचं वाटण तिथल्या काचेच्या भांड्यात होणार नाही असं तिचं ठाम मत आहे. नारळ खवायची आदोळी चेक-इनच्या बॅगेत, पात्याला गोणपाट गुंडाळून. तूप मात्र राहणार. दूध आणि मांसाचं काहीही युरोपात नेता येत नाही, हे तिला मी दोनदा सांगितलं, तिने बरणी अजून कपाटात ठेवलेली नाही. सुकं खोबरं विमानात चालत नाही, ते पेट घेतं. गंमत म्हणजे अख्ख्या नारळाला युरोपात कागद लागत नाही, आंब्याला लागतो.

आणि घुमट, आपलं मडक्यासारखं वाद्य. तू चवथीला वाजवतोस ते बोकडाच्या कातड्याचं आहे, तेच ने. कुणी प्रेमाने घोरपडीच्या कातड्याचं दिलं तर हात लावू नकोस, 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती संरक्षित आहे आणि परदेशी कस्टमलाही ते कातडं ओळखता येतं. कातड्याची वस्तू म्हणून तिथल्या कस्टमला आधी मेल टाकून विचार. ते खोक्यात घालू नकोस. आधीच मातीचं, त्यात पावसाळ्यात बंद कंटेनरच्या छपराला दव धरतं आणि खाली गळतं, कातडं सैल पडेल. केबिनमध्ये मांडीवर घेऊन जा. आजीच्या जुन्या लुगड्याचे दोन तुकडे मी त्याच्या पोटात कोंबून ठेवले आहेत, ते काढू नकोस.

तारीख पक्की झाली की कळव. मोपाच्या विमानतळावर सोडायला येताना गाडीत किती बॅगा मावतात ते मी टेपने मोजून ठेवतो.

तुझा,
बाबा

ता. क. फेणीचं तू आईसमोर विचारलंस, म्हणून तेव्हा गप्प राहिलो. घरसामानाच्या सवलतीत दारू बसत नाही, खोक्यात घालू नकोस. चेक-इनच्या बॅगेत एक लिटर, सीलबंद बाटली. बाटली मी आणतो.