आपला चष्मा भाकरी ओळखत नाही, आणि तेलाचा धूरही

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी यांस,

विषय: स्वयंपाक शिकवणारा चष्मा व त्याचं ॲप सदोष आणि धोकादायक असल्याबद्दल, पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी बेळगावात वडगाव भागात राहतो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत नोकरी करून निवृत्त झालो. बायकोचं मनगट मोडलं आणि स्वयंपाक माझ्याकडं आला. नेमकी तेव्हाच आपली जाहिरात मोबाइलवर दिसली: चष्मा घाला, समोरच्या तव्यावर आणि कढईवरच सूचना उमटतील, पदार्थ बघून यंत्र पुढची पायरी सांगेल, ‘कोणत्याही प्रदेशाची घरची चव’ मिळेल. पावती आणि चष्म्यानंच केलेलं चित्रीकरण सोबत जोडलं आहे.

पोहे, उपमा, वरणभात हे आपल्या यंत्रानं नीट करवून घेतलं, ते नाकारत नाही. पण तेवढ्यासाठी कोणी पेन्शनीतून हप्ते भरत नाही.

आमच्या घरी रात्रीचं जेवण म्हणजे भाकरी. आपल्या यादीत ती ‘ज्वारी रोटी’ म्हणून आहे, हरकत नाही. पीठ मळून झालं आणि चष्म्यात घड्याळ उमटलं: दहा मिनिटं झाकून ठेवा. ही गव्हाच्या कणकेची रीत. गव्हात ग्लुटेन नावाचं चिवट प्रथिन असतं, कणीक मुरली की ती लवचीक होते. ज्वारीत ग्लुटेन नाही. कढत पाण्यानं पिठातला स्टार्च चिकट होतो, त्या चिकटपणावर भाकरी एकसंध राहते, म्हणून गोळा गरम आहे तोवर मळून लगेच थापायची असते. दहा मिनिटांनी माझ्या हातात नुसता भुगा आला. त्यात पीठ जुनं होतं. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की पाणी जास्त कढत लागतं आणि मळणंही जास्त लागतं. ते बोटांना कळतं, कॅमेऱ्याला कळायचं कारण नाही. आपलं यंत्र काय म्हणतं? कडा चिरल्या, पाणी घाला. पुन्हा चिरल्या, पुन्हा घाला. शेवटी परातीत आंबिलीची तयारी झाली. बायको दाराशी खुर्ची टाकून बसली होती, ती म्हणाली, “त्या चष्म्याला म्हणावं, आता ताक पण आण.”

थापायला घेतलं की परातीवर हिरवं वर्तुळ दिसतं आणि त्या मापाची भाकरी ‘लाटा’ असं सांगितलं जातं. लाटणं हातात नाही हेसुद्धा यंत्राला दिसत नाही. शिवाय ते वर्तुळ जागेवर थांबत नाही, सरकत सरकत शेगडीवर जाऊन बसतं. समोरच्या दृश्यातले कोपरे, कडा, डाग अशा खुणा धरून ही चित्रं जागी ठेवतात. चकचकीत स्टीलची परात, त्यावर पांढरं पीठ, शेजारी काळा तवा आणि वर एकच दिवा, यात धरण्यासारखी खूण कुठली? हे आपल्या अभियंत्यांना ठाऊक नसेल असं मी मानत नाही. मग चाचणी कोणाच्या स्वयंपाकघरात घेतली?

तव्यावर टाकल्यावर भाकरीवरून पाणी फिरवतात आणि ते सुकायच्या आत उलटतात. चष्मा ओली चकाकी बघून ‘कच्ची आहे, थांबा’ म्हणत राहिला. थांबलो, तर तडे गेले. पुढं आचेवर भाजताना तपकिरी ठिपके आले की ‘जळाली, गॅस बंद करा’. अहो, ते ठिपके नसतील तर आमच्याकडं भाकरी परत पाठवतात. कुंद्याचंही तेच. दूध आटवून, खवा साखरेत परतून तो तपकिरी करायचा असतो, म्हणून तर तो कुंदा. आपल्या यंत्रानं आधी त्याला गाजर हलवा ठरवलं आणि मग करपल्याची शिट्टी वाजवली.

इथवर असतं तर नावं ठेवून गप्प बसलो असतो. खरी तक्रार तेलाची आहे.

भज्यांसाठी शेंगतेल तापत ठेवलं होतं. चष्म्यात कढईवर ‘142 अंश’ आणि खाली ‘आच वाढवा’ असं झळकत होतं. आच वाढवली. आकडा हलेना. तळणीला 170 ते 180 अंश पुरे होतात, त्यामुळं मी वाट बघत राहिलो. तेवढ्यात मागून बायको ओरडली, “अवो, वास येईना काय तुम्हाला? तेल जळायलंय!” चष्मा काढून बघतो तर कढईवर धूर. मला तो दिसला नाही, कारण नेमक्या त्या जागी आपला आकडा आणि लाल बाण चढलेला होता. गॅस बंद करून कढईवर ताट झाकलं, म्हणून पेट घेतला नाही.

आपल्या मदतकक्षानं चॅटवर उत्तर दिलं की आकडा ‘अंदाजित’ आहे, तो तेलाची हालचाल आणि चकाकी बघून काढला जातो. स्वयंपाकघरात उजेड वाढवावा. साहेब, माझं आयुष्य वितळलेल्या लोखंडाशेजारी गेलं. साध्या कॅमेऱ्याला तापमान दिसत नाही. उष्णतेच्या किरणांवरून तापमान सांगणारा इन्फ्रारेड मापकसुद्धा चकचकीत धातूवर फसतो, कारण तो पृष्ठभाग स्वतःची उष्णता कमी बाहेर टाकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. म्हणूनच लोखंडाचा रस ओतण्याआधी त्यात थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तारांची जोडी, बुडवून खात्री करतात. काही शे रुपयांचा तळणीचा थर्मामीटर जे करतो ते आपलं यंत्र करत नाही, आणि तरी एकेका अंशापर्यंत आकडा दाखवतं. तो अंदाज आहे हे चष्म्यात कुठंच लिहिलेलं नाही.

माझी पुतणी इथंच संगणक शाखेत शिकते. तिच्याकडून कळलं की अशी ओळख पटवणारं यंत्र उत्तरासोबत खात्रीचं प्रमाणही काढू शकतं. ते कमी असेल तर ‘मला ओळखता येत नाही’ एवढं म्हणणं अवघड नाही. काच वाफेनं पूर्ण धुरकटली तरी आपलं यंत्र तसं एकदाही म्हणालं नाही. तिनं हेही दाखवलं की अशा यंत्रांना पदार्थ ओळखायला शिकवण्यासाठी अभ्यासकांनी 2014 साली खुला केलेला ‘फूड-101’ नावाचा चित्रसंग्रह आहे, 101 पदार्थ, प्रत्येकाची हजार चित्रं. त्यात सामोसा आहे, भाकरी नाही. आपण कोणत्या चित्रांवर यंत्र शिकवलं ते आपणच जाणे. पण जे शिकवलंच नाही ते ‘कोणत्याही प्रदेशाची चव’ म्हणून विकू नये.

भाषेचाही घोळ आहे. पिनकोड बघून ॲप कन्नड धरतं. कन्नड आम्हाला येतं, बाजारात बोलतोच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मराठी निवडूनही दर अपडेटनंतर ती आपोआप जाते, तीही हात पिठात असताना. आणि मराठी ठेवली की ॲप मला पुण्याचा समजून आमटीत गूळ आणि गोडा मसाला घालायला लावतं. आमच्या डब्यात संकेश्वरी आणि ब्याडगी मिरचीचं तिखट आहे.

आणखी एक. स्वयंपाकघराचं चित्रीकरण ‘सेवा सुधारण्यासाठी’ आपल्या सर्व्हरवर पाठवायची सोय खरेदीपासून चालूच होती. बायकोला हे कळल्यावर घरात जे झालं ते इथं लिहीत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात संमती मोकळी आणि स्पष्ट हवी असं म्हटलं आहे. आम्हाला कोणी विचारलं नाही. ते सगळं चित्रीकरण पुसून तसं लेखी कळवावं.

पूर्ण रक्कम परत हवी. ‘पुढच्या खरेदीवर सवलत’ नको. तेलाच्या तापमानाचा आकडा सगळ्याच ग्राहकांसाठी ताबडतोब बंद करावा, कारण प्रत्येकाच्या मागं ओरडायला कोणी बसलेलं नसतं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं या पत्राची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात होणं आपल्यावर बंधनकारक आहे. तसं न झाल्यास बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकाला स्वतःच्या गावी तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही.

चष्मा मूळ खोक्यात बांधून ठेवला आहे. न्यायला माणूस पाठवताना आधी फोन करावा. दुपारी एक ते तीन नको.

आपला,
एक ग्राहक
वडगाव, बेळगाव